कोंबड्यांच्या तुऱ्यावरील फोड आणि घशातील पिवळा थर: ही देवीच आहे हे कसे ओळखावे?

परसातले खुराडे (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे परसात मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांचा एक लहान कळप आहे. त्यात अंड्यावर असलेल्या कोंबड्या, काही तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आणि दोन कोंबडे आहेत. अलीकडे उबवून निघालेली पिल्ले वेगळ्या खुराड्यात ठेवली आहेत. काही दिवसांपूर्वी एका कोंबड्याच्या तुऱ्यावर बारीक, करड्या-पांढऱ्या रंगाचे ठिपके दिसले. कोंबडे आपसांत भांडतात, त्यामुळे ते चोचीने झालेले घाव असावेत असे वाटले. आता ते ठिपके वाढून पिवळसर झाले आहेत आणि त्यांपैकी काही एकमेकांना मिळून त्यांच्यावर तपकिरी, खडबडीत खपली धरली आहे. एका तलंगेच्या पापणीवर आणि चोचीच्या कोपऱ्यात तसेच फोड आले असून तिचा तो डोळा जवळजवळ मिटला आहे.

माझी खरी काळजी निराळीच आहे. एका अंड्यावरच्या कोंबडीच्या अंगावर, तुऱ्यावर किंवा पायांवर एकही फोड नाही, पण ती मान लांब करून चोच उघडी ठेवून श्वास घेते आणि श्वासाबरोबर घरघर ऐकू येते. चोच उघडून पाहिली तेव्हा जिभेच्या मुळाशी पिवळट, पनिरासारखा थर दिसला. तिचे खाणे जवळजवळ थांबले आहे. अद्याप एकही पक्षी दगावलेला नाही.

तुऱ्यावरचे फोड आणि हा घशातला थर एकाच रोगाचे आहेत, की माझ्या कळपात एकाच वेळी दोन रोग शिरले आहेत? नुसत्या पाहण्यावरून हे ठरवता येते का, की तपासणी करावीच लागते? शिवाय घरातील लहान मुले रोज खुराड्यात जातात, त्यांना यापासून काही धोका आहे का, हेही कृपया सांगावे.

निवृत्त पशुवैद्यक

ताई, आपण वर्णन नेमके केले आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. कोंबड्याच्या आणि तलंगेच्या अंगावर दिसते ती कोरडी देवी, म्हणजे कोंबड्यांच्या देवी रोगाचा कातडीवर फोड आणणारा प्रकार, असण्याची शक्यता फार मोठी आहे. श्वास लागलेल्या कोंबडीविषयी मात्र मी तितक्या खात्रीने बोलणार नाही, आणि माझ्या मते खरा प्रश्न तीच कोंबडी आहे.

आधी सोप्या भागाविषयी. देवीचा विषाणू त्वचेच्या वरच्या थरातील पेशींमध्ये वाढतो आणि त्या पेशी फुगवतो व त्यांची संख्याही वाढवतो. म्हणून देवीचा फोड हा कातडीत पडलेला खड्डा नसून कातडीतून वर आलेली गाठ असते. चोचीच्या घावाचे नेमके उलट असते: तेथे आधी रक्त दिसते, मग काळी, सपाट खपली धरते आणि ती दिवसागणिक लहान होत जाते. देवीचा ठिपका आधी पांढुरका असतो, मग उंचावतो, पिवळा पडतो, शेजारच्या फोडांना मिळतो आणि शेवटी त्यावर गडद, चामखिळीसारखी खडबडीत खपली धरते, जी साधारण दोन ते चार आठवड्यांत गळून पडते. म्हणजे फोडाच्या एका दिवसाच्या रूपापेक्षा तो दिवसेंदिवस कसा बदलत जातो, हे अधिक विश्वासार्ह असते. एकाच छायाचित्रावरून निदान मागणाऱ्यांना मी नेहमी सांगतो की तोच पक्षी, तीच बाजू आणि तोच उजेड ठेवून दर दोन दिवसांनी छायाचित्र घ्यावे.

दुसरी खूण म्हणजे जागा. तुरा, हनुवटीखालचे लाल लोंबते गलोल, पापण्या, नाकपुड्यांच्या कडा, चोचीचे कोपरे, क्वचित पाय आणि गुदद्वाराभोवतीची कातडी, अशा पिसे नसलेल्या ठिकाणी देवी उठते. पिसांच्या मुळांशी गाठी हाताला लागत असतील, तर मॅरेक्स या गाठी आणणाऱ्या विषाणूजन्य रोगाच्या त्वचेवरील प्रकाराचा विचार करावा. पायांवरील खवले उचलले जाऊन त्यांखाली पांढरा भुसा साचला असेल, तर ते बहुधा खवल्यांखाली राहणाऱ्या सूक्ष्म किडीचे काम असते. तुऱ्यावर पीठ भुरभुरल्यासारखे पांढरे, सपाट चट्टे असतील तर बुरशी पाहावी. अगदी लहान पिल्लांच्या चोचीच्या कोपऱ्यात आणि पापण्यांवर खपल्या धरल्या, तर खाद्यात बायोटिन किंवा पॅन्टोथेनिक आम्ल कमी पडते आहे का, हेही तपासावे लागते. तेथे बहुतेक पिल्लांना एकाच वेळी सारखाच त्रास दिसतो आणि फोडाची गाठ बनत नाही.

तिसरी खूण म्हणजे रोगाची चाल, आणि तिच्याकडे फारच थोडे लोक लक्ष देतात. विषाणू शिरल्यापासून फोड दिसेपर्यंत कोंबड्यांत साधारणपणे चार ते दहा दिवस जातात, आणि एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे रोग सावकाश सरकतो. अखंड कातडीतून हा विषाणू आत शिरू शकत नाही. त्याला ओरखडा, चोचीचा घाव किंवा डासाचा दंश लागतो. त्यामुळे एकाच दिवशी कळपात काही पक्ष्यांवर नुकते उठलेले ठिपके, काहींवर पिवळे फोड आणि काहींवर सुकलेल्या खपल्या, असे मिश्र चित्र दिसते. आपल्याकडे तसेच दिसते आहे. याउलट एक-दोन दिवसांत अनेक पक्षी मरणे, तुरा निळा-जांभळा पडणे, संपूर्ण डोके सुजणे, मान वाकडी होणे, ही देवीची लक्षणे नव्हेत. तसे काही दिसल्यास बर्ड फ्लू किंवा मानमोडीची (राणीखेत रोगाची) शंका घेऊन, मेलेला पक्षी स्वतः न फाडता, ताबडतोब सरकारी पशुवैद्यकीय यंत्रणेला कळवावे.

आता त्या कोंबडीविषयी. देवीचा एक ओला प्रकार असतो, ज्यात तोंड, घसा, अन्ननलिका आणि श्वासनलिकेच्या वरच्या भागात पिवळट थर जमतो. कातडीवर एकही फोड नसताना हा प्रकार होऊ शकतो, त्यामुळे आपल्या कोंबडीच्या अंगावर फोड नाहीत एवढ्यावरून देवी नाकारता येत नाही. परंतु कळपात देवी आहे म्हणून तिलाही देवीच झाली असे मानणेही तितकेच चुकीचे ठरेल. संसर्गजन्य स्वरयंत्र-श्वासनलिकादाह हा नागीण कुळातील विषाणूचा रोग घशात जवळजवळ असाच थर आणि अशीच घरघर निर्माण करतो. त्यात पक्षी खोकताना रक्ताचे धागे असलेला चिकट स्राव बाहेर टाकू शकतो आणि हा रोग कळपात देवीपेक्षा वेगाने पसरतो. पण त्याच्या सौम्य साथीत रक्त दिसेलच असे नाही. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावी घशात आणि अन्ननलिकेत बारीक पांढरे पुटकुळे येतात, जे सहसा रक्त न येता सुटतात. देवीचा थर मात्र खालच्या पेशींशी जखडलेला असतो आणि तो ओढला तर खालून रक्ताळलेला घाव उघडा पडतो. कॅन्डिडा बुरशीचा भर घशापेक्षा अन्नपिशवीवर असतो. तेथील आतला पडदा जाड होऊन टर्किश टॉवेलसारखा दिसतो. बुरशी लागलेल्या खाद्यातील विषारी द्रव्यांमुळेही चोचीच्या आत घाव पडतात, म्हणून खाद्याची गोणी तळापर्यंत पाहून घ्यावी.

हा थर ओढून पाहण्याचा प्रयोग जिवंत पक्ष्यावर कृपया करू नये. थराचा तुकडा सुटून श्वासनलिकेच्या तोंडावर अडकला, तर पक्षी गुदमरून जागीच मरतो.

मुलांविषयी निश्चिंत राहावे. पक्ष्यांच्या देवीचा विषाणू माणसांत रोग निर्माण करत नाही, आणि मुलांना होणाऱ्या कांजिण्या पूर्णपणे वेगळ्या कुळातील विषाणूमुळे होतात. खुराड्यातून आल्यावर हात धुण्याचा नियम पाळावा, पण तो अन्य जंतूंमुळे.

रानपाखरू

वरील उत्तरात एका गोष्टीची भर घालू इच्छितो, कारण मोकळ्या फिरणाऱ्या कळपांत तिची गल्लत वारंवार होते. कोंबड्यांना चिकटून बसणारी एक पिसू असते, जी इतर पिसवांसारखी उड्या मारत नाही, तर तुऱ्यावर, डोळ्यांभोवती आणि गलोलांवर तोंड रुतवून दिवसेंदिवस तेथेच राहते. दुरून पाहिले तर गडद तपकिरी, दाटीने बसलेल्या दाण्यांचा तो पट्टा हुबेहूब देवीच्या खपलीसारखा दिसतो. साधे भिंग घेऊन चांगल्या उजेडात पाहिल्यास प्रत्येक दाणा वेगळा, गुळगुळीत आणि चकचकीत दिसतो, आणि चिमट्याने अलगद उचलल्यास तो पाय हलवतो. खपली पाय हलवत नाही. औषधांवर खर्च करण्यापूर्वी भिंग हाती घ्यावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

दुसरे असे की मिटलेला डोळा पाहून सगळेच देवी म्हणतात, पण कोरायझा या जिवाणूजन्य सर्दीतही डोळ्याखालचा भाग सुजून डोळा मिटतो. त्यात नाकातून दुर्गंधीयुक्त स्राव येतो आणि पापणीवर गाठ नसते. आपल्या तलंगेच्या नाकाला वास येतो का, हे एकदा पाहावे.

सूक्ष्मदर्शक

मी पशुरोगनिदान प्रयोगशाळेत काम केले आहे. येथे लक्षणांविषयी पुरेसे लिहून झाले आहे, म्हणून मी फक्त तपासणीविषयी लिहितो. डॉक्टरांनी श्वास लागलेल्या कोंबडीवर बोट ठेवले ते योग्यच आहे. कातडीवरील देवी अनुभवी डोळ्याला बहुतेक वेळा ओळखता येते, पण घशातील थराचे निदान केवळ पाहून पक्के करता येत नाही.

प्रयोगशाळेत देवी आणि स्वरयंत्र-श्वासनलिकादाह या दोन रोगांमधला फरक पेशीच्या आत कोठे काय दिसते यावरून ठरतो. देवीचा विषाणू डीएनए प्रकारचा असूनही पेशीच्या केंद्रकात न वाढता केंद्रकाबाहेरील पेशीद्रवात वाढतो. त्यामुळे घावाचा पातळ काप रंगवून पाहिला की फुगलेल्या पेशींच्या पेशीद्रवात गुलाबी-लाल रंग घेतलेले मोठे गोळे दिसतात. ओटो बोलिंजर यांनी १८७३ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना बोलिंजर पिंड म्हणतात. स्वरयंत्र-श्वासनलिकादाहाच्या विषाणूमुळे तयार होणारे पिंड मात्र केंद्रकाच्या आत असतात. जिभेच्या मुळाशी दिसणारा पिवळा थर दोन्हींत सारखाच असला, तरी सूक्ष्मदर्शकाखाली निर्णय इतका स्पष्ट होतो. देवीचे विषाणू इतके मोठे असतात की ताज्या घावाच्या खरवडीची काच योग्य रंगाने रंगवल्यास साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकातही विषाणूकणांचे बारीक ठिपके दिसू शकतात. हल्ली पीसीआर चाचणीने काम अधिक लवकर होते, आणि एकाच नमुन्यातून दोन्ही विषाणूंचा शोध घेता येतो. तशी मागणी नमुन्याच्या कागदावर स्पष्ट लिहावी, कारण नुसते ‘देवीसाठी तपासणी’ असे लिहिले तर दुसरा विषाणू कोणी शोधणार नाही. दोन्ही विषाणू एकाच पक्ष्यात सापडणेही अशक्य नाही.

थोडे विषयांतर करतो. विषाणू वाढवण्यासाठी उबवणीतील अंड्याचा उपयोग करण्याची पद्धत ॲलिस वुडरफ आणि अर्नेस्ट गुडपाश्चर यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केली, तीच मुळी कोंबड्यांच्या देवीच्या विषाणूवर. पुढे कितीतरी मानवी लसी अंड्यांत तयार झाल्या, त्यांची वाट या तुऱ्यावरच्या फोडापासून निघाली.

नमुन्याविषयी सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फोडाचे वय. पूर्ण सुकलेली, सुटायला आलेली खपली घेऊन लोक येतात. तिच्यात पीसीआरने विषाणू सापडू शकतो, पण पेशींचा काप पाहण्यासाठी ती निरुपयोगी असते, कारण तिच्यात जिवंत पेशी उरलेल्या नसतात. नुकताच वाढू लागलेला, अजून न फुटलेला फोड मुळातील कातडीसह घ्यावा लागतो, आणि ते काम पशुवैद्यकानेच करावे. एक तुकडा १० टक्के फॉर्मेलिनमध्ये आणि दुसरा कोरड्या, स्वच्छ डबीत बर्फावर पाठवावा; फॉर्मेलिनमध्ये बुडवलेल्या तुकड्यातून जिवंत विषाणू वाढवता येत नाही. एखादा पक्षी दगावलाच, तर तो गोठवण्यापेक्षा थंड ठेवून लवकर पोहोचवावा, कारण गोठण्याने ऊतकांची रचना बिघडते.

परसातले खुराडे

आपणा सर्वांची मी आभारी आहे. भिंगातून पाहिले, पिसवा नाहीत. तलंगेच्या नाकाला वास नाही आणि पापणीवर स्पष्ट गाठ आहे. बाकीच्या सर्व पक्ष्यांच्याही चोची उघडून पाहिल्या, तेव्हा दुसऱ्या एका तलंगेच्या टाळ्यावर लहान पांढुरका उंचवटा दिसला, जो बाहेरून कधीच कळला नसता. आजारी पक्षी वेगळे ठेवले आहेत. आमच्या पशुवैद्यकांनी तलंगेच्या फोडाचा तुकडा आणि कोंबडीच्या घशातील नमुना घेऊन दोन्ही विषाणूंच्या तपासणीसाठी पाठवला आहे.

ओळखीच्या एका पक्षीपालकाने मला खपल्या खरवडून त्यावर औषध लावण्याचा आणि सर्व पक्ष्यांच्या पाण्यात प्रतिजैविक घालण्याचा सल्ला दिला आहे. तो मानावा का? आणि वेगळ्या खुराड्यातील पिल्लांना आता लस दिली तर चालेल का, की साथ सुरू झाल्यावर उशीर झालेला असतो?

कबुतरखाना

खपल्या खरवडू नयेत, याबद्दल दुमत नसावे. त्या खपलीतच विषाणू भरलेला असतो; खरवडल्याने रक्त येते, घाव दुसऱ्या जंतूंना मोकळा होतो आणि खाली पडलेले तुकडे जमिनीतील भुशात मिसळतात, जेथे विषाणू महिनोन्महिने टिकतो. जंतुनाशक द्रव खपलीच्या आतपर्यंत पोहोचत नाही, म्हणून आपोआप गळलेल्या खपल्या भुशासकट गोळा करून जाळणे हेच अधिक उपयोगी पडते.

मात्र घशातील थराबाबत वर एक शक्यता राहिली आहे असे मला वाटते. कबुतरांत घशातला पिवळा थर दिसला की मी आधी ट्रायकोमोनास या एकपेशीय परजीवीचा विचार करतो, आणि कोंबड्या व कबुतरे एकाच भांड्यातून पाणी पीत असतील तर तो कोंबड्यांतही येऊ शकतो. घशातील ओल्या खरवडीचा थेंब कोमट असतानाच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर हलणारे परजीवी लगेच दिसतात. नमुना थंड झाला की ते हलेनासे होतात आणि निदान हुकते. त्यामुळे दूरच्या प्रयोगशाळेत पाठवलेल्या नमुन्यात ते न सापडणे म्हणजे ते नव्हतेच, असा अर्थ काढू नये.

निवृत्त पशुवैद्यक

ट्रायकोमोनासची आठवण योग्य वेळी करून दिलीत. ताईंच्या परसात कबुतरे येत असतील, तर ही साधी तपासणी त्यांच्या पशुवैद्यकांकडून तेथल्या तेथे करून घ्यावी.

प्रतिजैविकाविषयी: देवीच्या विषाणूवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. घावांत जिवाणू शिरले आहेत असे पशुवैद्यकांना दिसले, तर त्या ठराविक पक्ष्यांना ते देतील. सरसकट पाण्यात घालू नये. मिटलेला डोळा कोमट मिठाच्या सौम्य पाण्याने रोज पुसावा, आणि ज्या पक्ष्यांना दिसत नाही किंवा गिळता येत नाही त्यांना मऊ, ओलसर खाद्य चोचीजवळ द्यावे. कोरड्या देवीत पक्षी बहुधा विषाणूमुळे मरत नाहीत. दोन्ही डोळे मिटल्यामुळे पाण्याचे भांडे सापडत नाही, म्हणून मरतात. ओल्या प्रकारात मरतुक बरीच जास्त असते. संध्याकाळी खुराड्याला बारीक जाळी लावावी आणि आजूबाजूचे साचलेले पाणी काढून टाकावे, कारण एकदा आजारी पक्ष्याला चावलेला डास त्यानंतर अनेक पक्ष्यांना विषाणू टोचू शकतो.

लशीविषयी मात्र मी स्पष्ट मत देतो. देवी सावकाश पसरते, आणि म्हणूनच साथ सुरू झाल्यावरही लस उपयोगी पडू शकणारा हा मोजक्या रोगांपैकी एक आहे. थोडेच पक्षी आजारी असतील, तर उरलेल्या निरोगी पक्ष्यांना लगेच लस देण्यात अर्थ आहे. लशीपासून संरक्षण तयार व्हायला दहा दिवस ते दोन आठवडे लागतात. ज्यांच्या अंगावर किंवा तोंडात आधीच फोड आहेत, त्यांना लस देऊ नये. अंड्यावर असलेल्या कोंबड्यांबाबत निर्णय पशुवैद्यकांवर सोडावा, कारण जिवंत लशीमुळे अंडी काही काळ कमी होऊ शकतात, आणि कोणती लस निवडायची हेही त्यावर अवलंबून असते. कबुतरांच्या देवीच्या विषाणूपासून केलेली लस कोंबड्यांना अधिक सौम्य पडते. पिल्लांचे वय सांगून त्या वयासाठी असलेलीच लस मागावी. घशाच्या नमुन्यात दुसरा विषाणू निघाला तर मात्र पुढचा बेत बदलेल, त्यामुळे तो अहवाल हाती येताच पशुवैद्यकांना दाखवावा.

लस पाण्यातून दिली जात नाही. दोन टोकांची सुई लशीत बुडवून पंखाच्या पडद्यात, रक्तवाहिनी आणि पिसे टाळून, आरपार टोचतात. पिसे मध्ये आली तर लस पिसांवरच पुसली जाते, आणि पक्षी झोपताना डोके पंखाखाली घालतो तेव्हा ती डोळ्याला किंवा तोंडाला लागून तेथेच फोड उठतात. टोचल्यानंतर सात ते दहा दिवसांनी काही पक्ष्यांचे पंख उघडून पाहावेत. टोचलेल्या जागी लहान सूज किंवा खपली दिसली, तर लस लागू पडली असे समजावे. बहुतेक पक्ष्यांत काहीच दिसले नाही, तर लस उष्णतेने खराब झाली होती, ती नीट टोचली गेली नाही, किंवा त्या पक्ष्यांना आधीपासूनच प्रतिकारशक्ती होती, यांपैकी एक कारण असते. पिल्लांना याआधी लस दिलेली नसेल आणि रोगही झालेला नसेल, तर पहिली दोन कारणे गृहीत धरून नव्या कुपीतून पुन्हा टोचावे. ही पाहणी करताना पंखावरील ती खपली रोगाची म्हणून मोजली जाणार नाही, याची नोंद आपल्या वहीत टोचण्याच्या तारखेसह ठेवावी.